नाव कसं लागतं? अमेरिकेतला आरोग्य विमा आणि फॉर्मवरचा एक चौकोन

ज्यांना लोकलमध्ये हेडफोन लावून ऐकता येत नाही, किंवा ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतोय. बोलताना आलेले 'ॲक्च्युअली' आणि 'म्हणजे काय की' तेवढे काढलेत. बाकी बोललो तसंच आहे.

आजचा विषय अमेरिकेतला आहे, पण त्यातलं बरंचसं काम आपल्याकडे होतं. मी स्वतः पुण्यात बसून तेच काम करतो. विषय असा : सरकारने एखादी सोय केली, तुम्ही त्याला पात्रही आहात. मग तुमचं नाव त्या यादीत लागतं कसं? आणि ते लागावं यासाठी धडपड कोणी करायची, तुम्ही की सरकारने?

आधी एक आकडा. १ ऑक्टोबर २०१३ रोजी अमेरिकेत हेल्थकेअर डॉट गव्ह ही वेबसाइट सुरू झाली. ओबामांच्या २०१० च्या आरोग्य कायद्यानुसार लोकांनी तिथे जाऊन आरोग्य विमा घ्यायचा होता. पहिल्या दिवशी लाखो लोक साइटवर आले. दिवसाअखेर नावनोंदणी पूर्ण झाली ती फक्त सहा जणांची. सहा लाख नाही, सहा हजार नाही, सहा! नंतर तिथल्या संसदेच्या एका समितीने सरकारी बैठकांच्या नोंदी बाहेर काढल्या, तेव्हा हा आकडा लोकांना कळला.

आपण सॉफ्टवेअरवाले हा किस्सा ऐकून हसतो. लोड टेस्टिंग केलं नाही, लॉगिनवरच सगळं अडकलं, वगैरे. पण ती साइट दोन-अडीच महिन्यांत बऱ्यापैकी सुधारली. सर्व्हर वाढवता येतात, बग काढता येतात. मला त्यानंतरची गोष्ट सांगायची आहे. साइट उत्तम चालत असतानाही लाखो पात्र माणसं बाहेरच राहिली. त्यांना आत घ्यायचं की नाही, हे बऱ्याच अंशी त्या-त्या राज्याच्या कायद्याने ठरवलं.

आधी मार्केटप्लेस म्हणजे काय ते बघू

अमेरिकेत बहुतेक लोकांना विमा नोकरीतून मिळतो. ६५ च्या पुढच्यांना मेडिकेअर आहे. गरिबांना मेडिकेड आहे. मधे जे उरतात, म्हणजे छोटा धंदा करणारे, टॅक्सी चालवणारे, कॉन्ट्रॅक्टवर काम करणारे, नुकतीच नोकरी गेलेले, त्यांच्यासाठी मार्केटप्लेस. हे एक सरकारी दुकान समजा, पण त्यात माल खाजगी कंपन्यांचा. ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड असे प्लॅन असतात. तुमच्या उत्पन्नानुसार हप्त्याचा काही भाग सरकार भरतं. काहींचा हप्ता तर शून्य होतो.

२०१० च्या कायद्याने प्रत्येक राज्याला पर्याय दिला : स्वतःचं मार्केटप्लेस चालवा, नाहीतर केंद्राचं वापरा. आज वीसच्या आसपास राज्यं स्वतःचं चालवतात. इलिनॉय त्यातलं अगदी नवं. तिथे २०२३ मध्ये कायदा झाला आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून राज्याचं स्वतःचं मार्केटप्लेस सुरू झालं.

आता माझं काम सांगतो. आमच्या टीममध्ये 'एट थर्टी फोर' हा शब्द दिवसातून पन्नास वेळा ऐकू येतो. ८३४ हा एका फाइल फॉरमॅटचा नंबर आहे. मार्केटप्लेस ही फाइल विमा कंपनीला पाठवतं : हा माणूस, ही जन्मतारीख, ही बायको, ही दोन मुलं, हा प्लॅन, या तारखेपासून. फाइल नीट पोचली आणि पहिला हप्ता भरला की माणसाला विमा मिळतो. फाइल रिजेक्ट झाली की तो माणूस हवेत लटकतो. त्याला वाटतं आपलं काम झालंय, पण कंपनीच्या यादीत त्याचं नावच नसतं. २०१३ मध्ये या फाइलींचा इतका गोंधळ झाला होता, की काही ठिकाणी बायकोची नोंद मूल म्हणून झाली होती!

नोव्हेंबर आला की तिकडे नावनोंदणीचा हंगाम सुरू होतो आणि इकडे आमच्या नाइट शिफ्ट लागतात. आमच्या स्क्रीनवर माणसं दिसत नाहीत, रिजेक्ट कोड दिसतात. या कामात एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की बसली : पात्र असणं आणि नाव लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधे एक दरी असते. त्या दरीचं काय करायचं, याची तीन राज्यांनी तीन उत्तरं दिली.

ओरेगॉन, मिसूरी आणि मेरीलँड

ओरेगॉनने स्वतःचं मार्केटप्लेस बांधायचं ठरवलं, मोठ्या उत्साहात. कव्हर ओरेगॉन असं त्याचं नाव. साधारण ३० कोटी डॉलरचा केंद्राचा निधी आला. आणि २०१३ च्या ऑक्टोबरात कळलं की एकही माणूस पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ऑनलाइन जाऊ शकत नाही. मग शेकडो माणसं कामावर घेऊन कागदी अर्ज हाताने भरून घेतले गेले. २०१५ मध्ये विधिमंडळाने कायदा करून ती संस्थाच मोडीत काढली आणि काम एका सरकारी खात्याकडे दिलं. वेबसाइट केंद्राची वापरायला लागले. गंमत म्हणजे २०२३ मध्ये त्याच ओरेगॉनने पुन्हा स्वतःचं मार्केटप्लेस उभारायचा कायदा केला. हौस म्हणून नाही. दुसऱ्याच्या साइटवर आपल्याला हवा तसा फॉर्म ठेवता येत नाही, आपल्याला हवा तेव्हा नावनोंदणीचा काळ वाढवता येत नाही, म्हणून.

मिसूरी उलट्या टोकाला. तिथे २०१२ मध्ये मतदारांनी एक प्रस्ताव मंजूर केला : जनतेच्या किंवा विधिमंडळाच्या संमतीशिवाय राज्याने मार्केटप्लेस काढायचंच नाही. तेवढ्यावर थांबले नाहीत. तिथे 'नॅव्हिगेटर' नावाची माणसं असतात. लोकांना फॉर्म भरायला ही माणसं फुकट मदत करतात. आपल्याकडे सेतू केंद्राबाहेर एखादा कॉलेजचा पोरगा म्हाताऱ्या माणसांचे अर्ज भरून देतो ना, तसंच. फक्त यांना सरकारी अनुदान मिळतं आणि ते लोकांकडून पैसे घेत नाहीत. मिसूरीने २०१३ मध्ये कायदा केला की अशा माणसाला राज्याचा परवाना हवा, आणि परवाना असला तरी त्याने प्लॅनमधल्या फायद्यांबद्दल, अटींबद्दल सल्ला द्यायचा नाही. मग त्या बिचाऱ्याने मदत करायची तरी कशी? जानेवारी २०१४ मध्ये केंद्रीय न्यायालयाने या कायद्याला स्थगिती दिली.

बघा, विमा घेऊ नका असं मिसूरीने कुणालाही सांगितलं नाही. दुकान उघडं, माल तिथेच. फक्त दुकानाचा रस्ता सांगणाऱ्या माणसाच्या तोंडावर पट्टी. आणि हे फक्त राज्यांनी केलं असंही नाही. केंद्र सरकार नॅव्हिगेटरांसाठी २०१६ मध्ये ६ कोटी ३० लाख डॉलर देत होतं, ते २०१८ मध्ये १ कोटीवर आणलं. कायद्यातलं एक अक्षर न बदलता.

आता मेरीलँड. यांची साइटही २०१३ मध्ये पहिल्याच दिवशी कोसळली होती. त्यांनी सरळ कनेटिकट राज्याची चालणारी सिस्टिम घेतली आणि पुढे गेले. चालणारा कोड उचलायला लाज कसली! त्यांचं खरं कौतुक मात्र २०१९ च्या कायद्यासाठी.

झालं असं, की २०१७ मध्ये केंद्राने विमा न घेणाऱ्यांवरचा दंड शून्य केला. तो बदल २०१९ पासून लागू झाला. मेरीलँडमध्ये चर्चा सुरू झाली की आता राज्याने दंड लावायचा का? एक प्रस्ताव असा होता की दंड घ्यायचा, पण तो त्याच माणसाच्या विम्याचा पहिला हप्ता म्हणून वापरायचा. त्यावर एकमत झालं नाही. शेवटी दंड वगळला आणि एकच गोष्ट ठेवली : इन्कम टॅक्स रिटर्नवर एक चौकोन.

रिटर्न भरताना माणूस तिथे सांगतो की माझ्याकडे आरोग्य विमा नाही, आणि माझी माहिती आरोग्य मार्केटप्लेसला द्यायला माझी हरकत नाही. दोन टिक. बास. त्याचं उत्पन्न किती, घरात माणसं किती, हे टॅक्स खात्याला माहीतच असतं. ती माहिती मार्केटप्लेसकडे जाते. मार्केटप्लेस हिशोब करून पत्र पाठवतं : तुम्हाला मेडिकेड मिळू शकतं, किंवा तुम्हाला इतकी सवलत मिळू शकते. आणि नेहमीचा हंगाम संपलेला असला तरी या माणसासाठी महिनाभराची वेगळी खिडकी उघडते.

राज्यपाल लॅरी होगन रिपब्लिकन, विधिमंडळ डेमोक्रॅट्सचं. ओबामांच्या कायद्यावरून या दोन पक्षांत देशभर हाणामारी चालू असताना हा कायदा दोघांच्या संमतीने झाला. पुढे कोलोरॅडो, मॅसॅच्युसेट्स, पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी अशा राज्यांनी हीच कल्पना घेतली. मेरीलँडने २०२१ च्या कायद्याने बेरोजगारी भत्त्याच्या अर्जावरही तसाच चौकोन आणला. माणसाची नोकरी गेली की विमाही जातो आणि तो भत्त्यासाठी सरकारच्या दारात येतोच. मग तेव्हाच विचारा ना!

पण चौकोनाने सगळं सुटलं का?

नाही. इथे मला प्रामाणिक राहायला हवं, नाहीतर हे जाहिरातीसारखं वाटेल. २०२० मध्ये, पहिल्या वर्षी, मेरीलँडमध्ये ६० हजारांहून जास्त लोकांनी टिक केलं. त्यातले बहुसंख्य कुठल्या ना कुठल्या सोयीला पात्र निघाले. आणि शेवटी विमा किती जणांनी घेतला? चार हजारांच्या आसपास.

आमच्या भाषेत याला फनेल म्हणतात. वरून साठ हजार आत आले, खालून चार हजार बाहेर पडले. का? कारण टिक केल्यावरही काम शिल्लक होतंच. पत्र वाचायचं, अकाउंट काढायचं, कागदपत्रं अपलोड करायची, प्लॅन निवडायचा, हप्ता भरायचा. प्रत्येक पायरीवर थोडी माणसं गळतात.

आता तुम्ही म्हणाल, ज्याला गरज आहे तो करेलच की. जो करत नाही त्याला नकोच असेल. हा युक्तिवाद मी ऑफिसातही ऐकतो आणि पहिल्यांदा ऐकल्यावर पटतोही. पण तो तपासून झालाय.

मॅसॅच्युसेट्समध्ये २००६ पासून, म्हणजे ओबामांच्या कायद्याच्याही आधीपासून, राज्याची स्वतःची योजना होती. सगळ्यात कमी उत्पन्नाच्या लोकांना विमा फुकट. पात्र ठरलेल्या माणसाने प्लॅन निवडला नाही, तर राज्य त्याच्यासाठी निवडायचं. २०१० मध्ये पैशांची ओढाताण झाली आणि ही स्वयंचलित नोंदणी थांबवली. विमा फुकटच राहिला. फक्त प्लॅन आता स्वतः निवडून कळवायचा. मार्क शेपर्ड आणि मायल्स वॅग्नर या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला. नवी नोंदणी एक तृतीयांशाने घसरली. फुकट गोष्ट, एक फॉर्म, आणि तीनातला एक माणूस गायब!

कोण गायब झालं तेही बघा. तरुण, सध्या धडधाकट असलेले, आणि जास्त गरीब वस्त्यांतले. म्हणजे अडथळ्याने 'ज्यांना गरज नाही ते' गाळले नाहीत. ज्यांना आज गरज वाटत नव्हती आणि ज्यांना असली कामं करायला वेळ नव्हता, ते गाळले. पंचविशीतल्या माणसाला आजारपण लांबचं वाटतं. बाइकवरून पडेपर्यंत. तुम्ही-आम्ही त्याच वयाचे आहोत, वेगळं सांगायला नको.

एका पत्राची किंमत

आता या भागातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. हे वाचून मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ गप्प बसलो होतो.

विमा नसल्याचा दंड जेव्हा लागू होता, तेव्हा अमेरिकेच्या टॅक्स खात्याने ठरवलं की दंड भरलेल्या घरांना साधं पत्र पाठवायचं : तुम्ही एवढा दंड भरलात, त्याऐवजी विमा घेता येईल, इथे चौकशी करा. अशी घरं होती ४५ लाख. बजेट पुरेना, म्हणून ३९ लाख घरांना पत्र गेलं आणि साधारण ६ लाख घरांना गेलं नाही. कोणाला वगळायचं ते रँडम ठरवलं. म्हणजे कोणाच्या ध्यानीमनी नसताना एक प्रचंड मोठा प्रयोग झाला. आपण ॲपच्या बटणाचा रंग बदलून ए-बी टेस्ट करतो ना, तसाच.

जेकब गोल्डिन, इथाय लुरी आणि जॅनेट मॅककबिन या तिघांनी पुढचे आकडे तपासले. पत्र मिळालेल्यांमध्ये विमा घेणारे वाढले. आणि ४५ ते ६४ वयोगटात, पत्र मिळालेल्या दर १,६४८ माणसांमागे पुढच्या दोन वर्षांत एक मृत्यू कमी झाला.

पत्रात औषध नव्हतं. पैसे नव्हते. नवा हक्कही नव्हता, जो होता तोच आठवून दिला होता. पोस्टाच्या खर्चात माणसं वाचली. आणि ज्या ६ लाख घरांना बजेटअभावी पत्र गेलं नाही, त्यातली काही माणसं आज नाहीत. ती कोण, हे कुणालाच कधी कळणार नाही. त्यांच्या घरच्यांनाही नाही.

तेव्हापासून 'ही तर फक्त प्रोसेस आहे' हे वाक्य मला ऐकवत नाही. २०२३ मध्ये कोविडकाळातलं संरक्षण संपलं आणि मेडिकेडच्या याद्या पुन्हा तपासायला घेतल्या. अडीच कोटींहून जास्त लोकांची नावं निघाली. त्यातल्या जवळपास ७० टक्क्यांची नावं अपात्र ठरल्यामुळे गेली नाहीत. कागद वेळेत आला नाही, पत्र जुन्या पत्त्यावर गेलं, फॉर्म अर्धवट राहिला, अशा प्रक्रियेच्या कारणांनी ती गेली.

कॅलिफोर्नियाने मात्र याची तयारी आधीच करून ठेवली होती. २०१९ मध्येच त्यांनी कायदा केला होता : मेडिकेडमधून बाहेर पडणारा माणूस मार्केटप्लेसच्या सवलतीला पात्र असेल, तर त्याच्यासाठी सगळ्यात स्वस्त सिल्व्हर प्लॅन राज्यानेच निवडून ठेवायचा. माणसाने फक्त पहिला हप्ता भरायचा, आणि हप्ता शून्य असेल तर हो म्हणायचं. नको असेल तर नाही म्हणायचं, दुसरा हवा असेल तर बदलायचा. पण सुरुवात कोऱ्या पानावरून नाही.

याची दुसरी बाजू

नोंदणी सोपी करणं नेहमीच चांगलं, असंही नाही. केंद्राच्या साइटवर गेल्या काही वर्षांत उलटाच प्रकार घडला. एजंटला माणसाचं नाव, जन्मतारीख आणि राज्य एवढं माहीत असलं की त्याचं खातं उघडता येत होतं. हप्ता शून्य असल्यामुळे माणसाला बिलही येत नव्हतं. मग काही एजंटांनी कमिशनसाठी लोकांना न विचारता त्यांचे प्लॅन बदलले, काहींची परस्पर नोंदणीच केली. २०२४ मध्ये अशा लाखाहून जास्त तक्रारी आल्या. कुणाचा डॉक्टर बदलला, कुणाचं औषध बंद झालं, कुणाला टॅक्सच्या वेळी सवलत परत करण्याची नोटीस आली.

अनेक राज्यांच्या स्वतःच्या साइटवर मात्र एजंटला ग्राहकाची परवानगी सिस्टिममध्येच घ्यावी लागते, ओटीपीसारखं. म्हणून तिथे हा प्रकार फारसा झाला नाही.

यातून मला कळलेलं एवढंच : पायऱ्या कमी करायच्या, पण संमतीची पायरी काढायची नाही. मेरीलँडच्या चौकोनात माणूस स्वतः टिक करतो. कॅलिफोर्नियात माणूस हो म्हणतो. कष्ट सरकारने घ्यायचे, निर्णय माणसाने. एजंटांच्या प्रकारात निर्णयच चोरला गेला. दोन्हीकडे क्लिक कमी, पण दोन्ही एकच नाहीत.

सध्या काय चाललंय, आणि आपल्याला त्याचं काय

२०२५ सालासाठी मार्केटप्लेसमध्ये २ कोटी ४० लाखांहून जास्त लोकांनी नावं नोंदवली, हा विक्रम होता. कोविडकाळात वाढवलेली सवलत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली आणि अनेकांचे हप्ते एकदम चढले. सवलतीच्या याच वादावरून २०२५ च्या शेवटी तिथलं सरकार ४३ दिवस बंद होतं, हे तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. शिवाय जुलै २०२५ च्या नव्या कायद्याने नियम केलाय की २०२८ च्या विम्यापासून सवलत हवी असेल तर दरवर्षी आधी माहितीची पडताळणी करून घ्यायची. म्हणजे काही न करता मागच्या वर्षीचा प्लॅन सवलतीसकट पुढे चालू राहायचा, ते जवळपास बंद. काही जण म्हणतात यामुळे गैरप्रकार थांबतील. थोडेफार थांबतीलही. पण मॅसॅच्युसेट्समध्ये २०१० मध्ये काय झालं ते आत्ताच आपण पाहिलं.

आता आपली माणसं. माझा एक मित्र मेरीलँडमध्ये एच-वन-बीवर होता. लेऑफ झाला. बायको, दोन वर्षांची मुलगी. दुसरी नोकरी शोधायला व्हिसाचे ६० दिवस. आणि नोकरीचा विमा गेल्यापासून मार्केटप्लेसमध्ये नाव नोंदवायलाही ६० दिवसच. तो दिवसरात्र पहिल्या घड्याळाकडे बघत होता. दुसरं घड्याळ चालू आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. जुन्याच विम्यावर राहायचा पर्याय होता, पण त्यात कंपनीचा वाटाही आपणच भरायचा आणि वर दोन टक्के. तो आकडा बघून त्याने मला रात्री फोन केला, "अरे, तू हेल्थ इन्शुरन्समध्येच आहेस ना? हे काय आहे सांग जरा."

मी म्हटलं, मार्केटप्लेस बघ. तो म्हणाला, "ते सरकारी आहे ना रे? आपल्याला कुठे चालतंय?"

चालतं. तिथे कायदेशीर राहणारा माणूस, एच-वन-बीवाला धरून, मार्केटप्लेसमधून विमा घेऊ शकतो. त्याने बावन्नाव्या दिवशी नोंदणी पूर्ण केली. मुलगी महिन्याभराने तापाने दवाखान्यात होती, दोन रात्री. तो आजही म्हणतो, फोन केला नसता तर काय झालं असतं. मी म्हणतो, फोन करावा लागला हीच तर अडचण आहे. कंपनीने दिलेल्या एक्झिटच्या कागदांत हे एका ओळीत ठळक लिहिता आलं असतं.

तिकडे असलेल्या किंवा जाणार असलेल्या मंडळींनी हे लक्षात ठेवा. एक, नोकरी गेली की व्हिसाच्या ६० दिवसांबरोबर विम्याचे ६० दिवसही मोजा. ते गेले की सहसा नोव्हेंबरच्या हंगामाची वाट बघावी लागते. दोन, नव्या कायद्यानुसार १ जानेवारी २०२७ पासून एच-वन-बीवाल्यांना हप्त्यातली सरकारी सवलत मिळणार नाही. विमा घेता येईल, पण पूर्ण पैसे भरून. ग्रीन कार्डवाल्यांची सवलत चालू राहील. तीन, तुमचं राज्य स्वतःचं मार्केटप्लेस चालवतं का, हे आजच बघून ठेवा, नोकरी गेल्यावर नाही. आणि सरकारी साइटसारख्या दिसणाऱ्या जाहिरातींवर क्लिक करून कुणालाही जन्मतारीख देत बसू नका.

आणि जे इथे पुण्यात, मुंबईत, नागपुरात बसून असल्या सिस्टिम लिहितात, त्यांना एक विनंती. मीही त्यातलाच. आपल्याकडे जिरा तिकीट येतं : 'फील्ड मँडेटरी करा', 'सेशन पंधरा मिनिटांत संपवा', 'डॉक्युमेंट नसेल तर रिजेक्ट'. कायदा तिकडच्या आमदारांनी केलेला असतो, आपण बदलू शकत नाही. पण एरर मेसेजमध्ये 'इनव्हॅलिड इनपुट' लिहायचं की 'तुमचा पगाराचा कागद स्पष्ट दिसत नाही, पुन्हा फोटो काढून पाठवा' असं लिहायचं, हे बरेचदा आपल्या हातात असतं. अर्धवट फॉर्म सेव्ह ठेवायचा की पुसून टाकायचा, हा प्रश्न रिव्ह्यूमध्ये आपण विचारू शकतो. मी हल्ली विचारतो. कधी ऐकतात, कधी 'स्कोपमध्ये नाही' म्हणतात. दोन महिन्यांपूर्वी एक बदल मान्य झाला : रिजेक्ट झालेल्या अर्जाचं कारण आता साध्या इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये जातं. छोटी गोष्ट आहे. पण १,६४८ हा आकडा माझ्या मॉनिटरला चिकटवलेल्या कागदावर आहे, आणि छोट्या गोष्टीने काय होतं ते मला त्यातून रोज दिसतं.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या ओळखीचं कुणी तिकडे नोकरीच्या चिंतेत असेल, तर हा भाग त्याला आजच पाठवा. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या!